आजीचं निरांजन

मंडळी, मागचे दिवे मी मुद्दाम मालवायला सांगितले. माझा अर्धा चेहरा अंधारात गेला आणि तुमची कुजबुज थांबली बघा. उजेड कमी झाला की माणूस कान देतो.

कॅमेऱ्याने शूटिंग करणाऱ्यांना थोडा उजेड आयता मिळतो. खिडकीतून ऊन येतं, मध्येच ढग येतो. आम्हा ॲनिमेशनवाल्यांच्या संगणकात सीन उघडला की मिट्ट काळोख. सूर्यसुद्धा आम्हीच टांगायचा. भिंतीवर आपटून परतणारा उजेडही बरीच वर्षं आम्ही छोटे छोटे दिवे लपवून हाताने आणत होतो. म्हणून ॲनिमेशनमधली प्रत्येक सावली कुणीतरी ठरवलेली असते.

एका मालिकेत गिरगावातल्या चाळीचा प्रसंग होता. बाहेर पाऊस, वीज गेलेली, मुलाचे बाबा अजून घरी आले नाहीत. आजी देव्हाऱ्यातलं निरांजन उचलून आणते. चालताना ज्योत हनुवटीखाली असते, त्यामुळे आजीचा ओळखीचा चेहराच भेसूर दिसतो आणि पोरगं दचकतं. मग ती निरांजन बाजूच्या फळीवर ठेवते. उजेड कडेने गालावर येतो, सुरकुत्या मऊ होतात, आजी परत आजी होते. संवाद एकही नाही. तीन आठवडे आम्ही त्या एका ज्योतीवर घालवले. निरोप आला: ‘चेहरे दिसत नाहीत, उजळ करा.’ केलं. सगळीकडून फिल लाइट, म्हणजे सावल्या भरून काढणारा उजेड, मारला. निरांजन जळतंय आणि भिंतीवर सावली नाही! पोरगं का दचकलं, हे मग कुणालाच कळेना. पडद्यावर चेहरा दिसला, भीती दिसली नाही. मला हे आजही सहन होत नाही.

आपल्याला अंधाराचं वावडं कधीपासून झालं? कुडाळजवळच्या पिंगुळीला ठाकर कलावंत चामड्याच्या बाहुल्या नाचवतात. पडदा, मागे दिवा, बस. तिकडे जर्मनीत लोटे रायनिगर यांनी काळा पुठ्ठा कातरला, काचेच्या टेबलाखालून उजेड सोडला आणि १९२६ साली पूर्ण लांबीचा चित्रपट उभा केला. त्यात चेहरे काळेच आहेत, तरी कोण रुसलंय ते कळतं.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं उरलीत. तंत्राचं भरभर सांगतो. पहिलं पाहा, दिवा कुठे आहे: समोरून सपाट, कडेने गोलाई, मागून नुसती कड. मग सावलीची किनार: दिवा लहान तर धारदार, मोठा तर विरघळलेली. रंग शेजारावर ठरतो. निळ्या खोलीतच पिवळी खिडकी ऊबदार वाटते. ‘वॉल-ई’ या ॲनिमेशनपटासाठी छायाचित्रणकार रॉजर डीकिन्स यांना सल्ल्याला बोलावलं होतं, ते याच जाणकारीसाठी. २०१९च्या ‘क्लाउस’ या ॲनिमेशनपटात तर हाताने काढलेल्या माणसांवर असा उजेड चढवलाय. यावर तासभर बोलायचं होतं, राहिलं.

आजीच्या प्रसंगाची पहिली प्रत मी जपून ठेवली आहे. दीड मिनिटाची आहे. दिवे इतक्यात लावू नका, आधी ती बघू या.