पाटाच्या पाण्याचा हिशेब आणि पंचगंगेची पूररेषा

धनंजयराव गाडगीळ म्हटलं की कोल्हापुरात सहकारी साखर कारखानदारी आठवते. ते योग्यच आहे. पण अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांपुढे आज मला त्यांच्या दुसऱ्या कामाविषयी बोलायचं आहे. पुण्याच्या गोखले संस्थेचे ते 1930 पासून 1966 पर्यंत संचालक होते आणि पुढे केंद्राच्या नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष झाले. माझ्या लेखी त्यांची खरी थोरवी मात्र गोदावरी आणि प्रवरा कालव्यांच्या पाहणीत आहे. तिचा अहवाल 1948 मध्ये प्रसिद्ध झाला.

इंग्रज सरकारचा पाटबंधाऱ्यांचा हिशेब तिजोरीपुरता होता: कालव्यावर किती भांडवल घातलं आणि पाणीपट्टीतून किती परत आलं. दुष्काळी भागातले कालवे या कसोटीला सहसा उतरत नसत. गाडगीळांनी प्रश्नच बदलला. पाणी आल्यामुळे त्या मुलखाला काय मिळालं? ते पाहायला त्यांनी बागायती शेतीशेजारी जिरायती शेती ठेवून दोन्हींची तुलना केली. शेतकऱ्याच्या हाती काय पडलं याबरोबर अप्रत्यक्ष लाभही मोजायला घेतले. सरकारच्या वहीत न दिसणारं मूल्य शेतावर जाऊन शोधायचं, ही दृष्टी त्यांनी दिली. पर्यावरणाचं अर्थशास्त्र आज ज्याला म्हणतात, त्याची ही मराठी मातीतली पायाभरणी आहे असं मी मानतो.

आता तीच वही उघडून खर्चाची बाजू लिहू.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यात चला. उसाला पाणीपट्टी बहुतेक ठिकाणी एकरावर, पाण्याच्या मापावर नाही. पाण्याची एक पाळी जास्त दिली तरी खिशाला झळ नाही, मग हात आखडता कोण घेईल? भारी काळ्या जमिनीत पाणी मुरत नाही, भूजल वर येतं आणि क्षार पृष्ठभागावर जमतात. जमीन पांढरी पडते. उपाय माहीत आहे: जमिनीखाली सच्छिद्र पाइप घालून निचरा करायचा. पण तुमच्या रानातलं पाणी ओढ्यापर्यंत न्यायला शेजाऱ्याच्या बांधाखालून जावं लागतं. एकट्या शेतकऱ्याला ते जमत नाही. जिथे शेतकरी एकत्र आले, तिथे क्षारपड रानात पुन्हा ऊस उभा राहिला. खराब होताना जमीन एकेकट्याच्या निर्णयाने होते, सुधारताना मात्र सगळ्यांचा होकार लागतो. या एका गोष्टीवर तुमच्यापैकी कुणी आयुष्यभर अभ्यास केला, तरी तो अपुरा पडणार नाही.

पूररेषेचा प्रश्न याहून अवघड. कोल्हापुरात पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर धोक्याची पातळी 43 फूट. 2019 आणि 2021 मध्ये पाणी 55 फुटांच्या वर गेलं. चिखली, आंबेवाडी ही गावं पाण्यात होती, शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्ग बंद पडला. पाऊस प्रचंड होता, हे खरंच. पण नदीकाठचं मोकळं रान पाणी पसरू देतं, पुराचा जोर तोडतं. हे काम त्या रानाने फुकट केलं. त्याच रानात भराव टाकून प्लॉट पाडले की भाव मिळतो मालकाला, आणि तिथे न मावलेलं पाणी शिरतं दुसऱ्याच्या घरात. बाजारभावात दुसऱ्याचं घर कुठेच येत नाही. ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञ पिगू यांनी 1920 मध्येच ही गाठ दाखवली होती: करणारा एक, भरणारा भलताच.

निळ्या रेषेच्या, म्हणजे नकाशावर आखलेल्या नदीलगतच्या पूररेषेच्या, आत बांधकामाला बंदी हवीच. तिच्यावर मी तडजोड सुचवणार नाही. पण ज्याची जमीन रेषेत आली, त्या कुटुंबाने शहराच्या सुरक्षिततेची किंमत एकट्याने का सोसावी? रान मोकळं ठेवण्याबद्दल त्याला दरवर्षी ठरावीक मोबदला मिळाला पाहिजे, आणि ज्यांची घरं त्यामुळे कोरडी राहतात त्यांच्या घरफाळ्यातून तो यावा. कोल्हापूरकर एवढे पैसे देतील का, असं मला विचारलं जातं. पूर ओसरल्यावर चिखल उपसण्यात, भिजलेला माल टाकून देण्यात, बंद दुकानाचा धंदा बुडण्यात घराघरातून किती गेलं, ते आधी मोजा. मोबदल्याचा आकडा त्याच्या शेजारी ठेवा. हा हिशेब गाडगीळांच्याच पद्धतीने होऊ शकतो: भराव पडलेला काठ आणि मोकळा राहिलेला काठ, दोन्हींकडच्या वस्त्या निवडा आणि घरटी नुकसान विचारत फिरा. पद्धत हाताशी आहे, काठ इथून चालत जाण्याइतका जवळ आहे, आणि हे काम या विभागातल्या पुढच्या वर्षीच्या प्रबंधांतूनच सुरू व्हावं, अशी माझी मागणी आहे.