गायकाला नव्हे, ड्रमरला धरा

[दृश्य : धोबी तलावचा चौक, तिथून रंगभवनची भिंत]

धोबी तलावला सेंट झेवियर्स कॉलेजच्या शेजारी रंगभवन आहे. १९८६ साली 'इंडिपेंडन्स रॉक' हा रॉक महोत्सव सुरू झाला आणि पुढची अनेक वर्षं मुंबईत नवा बँड ऐकायचा तर इथेच यावं लागे. शेजारी कॉलेज, जवळ रुग्णालय. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांत अशा जागांभोवतीचा १०० मीटरचा पट्टा शांतता क्षेत्र धरला गेला. रंगभवन त्यात सापडलं आणि तिथले मोठ्या आवाजाचे कार्यक्रम थांबले. पुढे २०१६ साली काळा घोड्याचं ऱ्हिदम हाउस हे गाण्यांचं दुकान बंद झालं, आणि लोअर परळच्या मथुरादास मिलमधला ब्लू फ्रॉग हा लाइव्ह संगीताचा क्लबही. बँड वाजवत राहिले, पण एका छताखाली भेटायचे ते आता शहरभर पांगले. त्यांना शोधणं हे ऐकणाऱ्याचं काम झालं.

हे काम ॲपवर सोपवू नका. कोणतं गाणं कोणत्या गाण्यांसोबत ऐकलं जातं, यावरून ॲप शिफारस करतं. ज्या गाण्याला ऐकणारेच दोनशे, त्याला अशी सोबत जमतच नाही. मग ते कुणाला सुचवलंही जात नाही. स्पॉटिफायवर तर २०२४ पासून, बारा महिन्यांत १००० वेळा न ऐकल्या गेलेल्या गाण्याचे पैसेही मिळत नाहीत.

[दृश्य : जॅमरूम. ड्रम किट, भिंतीला फोम]

मुंबईत खात्रीचा धागा एकच : कोण काय वाजवतंय ते वाचा, आणि त्यातही आधी ड्रमरचं नाव बघा. ड्रम किट चाळीत मावत नाही, वन बीएचकेत मावलं तरी शेजारी वाजवू देत नाहीत. सराव करायचा तर तासावर जॅमरूम, म्हणजे भाड्याची सरावाची खोली, घ्यायची. त्यामुळे पक्क्या हाताचे ड्रमर मोजकेच, आणि एकेक जण तीन-चार बँडमध्ये असतो. गायक सहसा आपल्याच बँडपाशी थांबतो. ड्रमर तुम्हाला पुढच्या बँडच्या दारात नेऊन सोडतो.

करून बघू. 'झीरो' हा मुंबईचा बँड घ्या. त्याचा ड्रमर सिद्धार्थ कूटो. त्याचं नाव धरलं की 'टफ ऑन टोबॅको' हा दुसरा बँड सापडतो. तिथे तो गातो, आणि ड्रमवर जय राव कवी. आता जय राव कवीचं नाव धरा. तो वॉरन मेंडोन्साच्या 'ब्लॅकस्ट्रॅटब्लूज'मध्ये वाजवतो. वॉरन 'झीरो'चाच गिटारवादक. त्याचा २००७ सालचा 'नाइट्स इन शायनिंग कर्मा' हा शब्दांवाचूनचा, गिटारनेच बोलणारा अल्बम आहे आणि तो जितका ऐकला जायला हवा तितका ऐकला गेलेला नाही. तोच जय राव कवी पुन्हा एकत्र आलेल्या 'इंडस क्रीड'मध्ये ड्रमवर दिसतो. 'इंडस क्रीड' म्हणजे १९८४ साली सुरू झालेला 'रॉक मशीन'. १९९३ साली त्यांनी नाव बदललं. महेश तिनईकरची गिटार दोन्हीकडे आहे. त्यांचा २०१२ चा 'इव्हॉल्व्ह' आधी ऐका, मग मागे जा. इथवर यायला दोन ड्रमर पुरले.

मेटलमध्ये, म्हणजे रॉकच्या जड, आक्रमक प्रकारात, हेच काम आणखी सोपं आहे, कारण 'एन्सायक्लोपीडिया मेटॅलम' या संकेतस्थळावर प्रत्येक वादकाच्या पानावर त्याचे सगळे बँड दिलेले असतात. 'डेमॉनिक रिझरेक्शन' या बँडच्या साहिल मखिजाचं पान उघडलंत की 'रेप्टिलियन डेथ' आणि 'वर्कशॉप' समोर येतात. 'भयानक मौत', 'स्क्राइब', 'झिग्नेमा', 'गटस्लिट' ही नावंही तिथूनच पुढे चालवा.

इतर संगीतासाठी स्पॉटिफायवर गाण्यापुढच्या तीन टिंबांवर बोट ठेवा आणि क्रेडिट्स उघडा. तिथे बऱ्याचदा फक्त गायक, गीतकार आणि निर्माता सापडतात, कारण गाणं चढवताना बँडने तेवढेच रकाने भरलेले असतात. मग यूट्यूबच्या व्हिडिओखालचा मजकूर पूर्ण उघडून वाचा. ड्रमर, मिक्सिंग (सगळे आवाज एकमेकांत तोलणं), मास्टरिंग (त्यावरचा शेवटचा हात), स्टुडिओ हे सगळं बँड तिथे लिहितात. स्टुडिओचं आणि मिक्स करणाऱ्याचं नावही टिपून ठेवा. कमी पैशांत चांगला आवाज काढणाऱ्याकडे चांगले बँड परत परत जातात.

[दृश्य : मोबाइलच्या पडद्यावर शोध, चुकीचे निकाल]

शोध बहुतेक वेळा नावापाशी अडतो. 'झीरो' असं नुसतं टाकून काहीही हाती लागत नाही. 'पेंटाग्राम' शोधलं तर आधी अमेरिकेतला १९७१ चा डूम मेटल बँड येतो. आपल्याला हवा तो विशाल ददलानी आणि रँडॉल्फ कोरियाचा मुंबईचा. त्यांच्या २०११ च्या अल्बमचं नाव 'ब्लडीवुड', आणि त्याच नावाचा एक मेटल बँड दिल्लीत आहे. 'स्काय रॅबिट' आधी 'मेड्युसा' होता. म्हणून बँडच्या नावासोबत एका वादकाचं आडनाव किंवा अल्बमचं नाव जोडून शोधा. ॲपवर दोन बँड एकाच पानावर मिसळलेले दिसले, तर अल्बमचं साल आणि मुखपृष्ठ ताडून बघा.

काही गाणी आता कुठेच नाहीत. २०१९ मध्ये मायस्पेस या जुन्या सोशल संकेतस्थळाने जाहीर केलं की २०१५ पर्यंत तिथे चढवलेलं संगीत नष्ट झालं. ज्या बँडनी आपले डेमो, म्हणजे कच्ची रेकॉर्डिंग, तिथेच ठेवले होते, त्यांची गाणी गिगला, म्हणजे लाइव्ह कार्यक्रमाला, विकलेल्या सीडीवर किंवा कुणाच्या हार्ड डिस्कमध्ये उरली असतील तेवढीच. त्याआधीचं शोधायचं तर कॅसेट. चोर बाजारात कॅसेट घेताना खिडकीतून फीत बघा. फितीवर पांढरी भुकटी दिसली तर ती बुरशी आहे. मुंबईचा पावसाळा फितीला सोसत नाही. तशी कॅसेट वाजवली तर बुरशी प्लेअरच्या हेडला लागते आणि तिथून पुढच्या कॅसेटला. फितीमागचा फेल्टचा छोटा तुकडाही तपासा. तो निखळला असेल तर आवाज दबका येतो, पण दुसऱ्या कॅसेटमधला काढून बसवता येतो.

नवं शोधायला बँडकॅम्प हे बँडचे अल्बम विकणारं संकेतस्थळ सगळ्यात चांगलं. 'मुंबई' हा टॅग उघडा. अल्बमच्या चित्राखाली तो विकत घेणाऱ्यांचे छोटे फोटो असतात. त्यावर टिचकी मारली की त्या माणसाचा सगळा संग्रह दिसतो. तुम्हाला आवडलेला अनोळखी अल्बम ज्याने पैसे देऊन घेतला, त्याची आवड ॲपच्या शिफारशीहून कितीतरी भरवशाची. डिजिटल विक्रीत बँडकॅम्प १५ टक्के ठेवतं. अडचण इथे येते : कलाकाराला पैसे पेपॅल या ऑनलाइन पेमेंट सेवेमार्फत जातात, आणि पेपॅलने भारतातल्या भारतात होणारे व्यवहार १ एप्रिल २०२१ पासून बंद केले. त्यामुळे अंधेरीतून वांद्र्याच्या बँडचा अल्बम घेताना व्यवहार अडकू शकतो. अशा वेळी बँडला थेट निरोप पाठवा आणि यूपीआयने पैसे द्या.

मराठीतून सुरुवात करायची असेल तर अभंग नव्या साजात वाजवणारा 'अभंग रिपोस्ट' हा बँड ऐका. अभंगांचे शब्द कानात आधीपासून असतात, म्हणून बास आणि ड्रम काय करताहेत याकडे लक्ष देता येतं. तिथून 'धम्म विंग्स'कडे, आणि रॉक सोडून रॅपकडे वळलात तर 'स्वदेसी'कडे जा. शोध देवनागरीत आणि रोमन लिपीत असा दोनदा करा.

पहिल्यांदा ऐकताना लोकल टाळा. डब्याच्या घरघरीत बास बुडतो, आणि कमी खर्चात रेकॉर्ड केलेल्या गाण्यांत आधीच तो पातळ असतो. मोबाइलच्या स्पीकरवर तर तो येतच नाही. साधे वायरचे हेडफोन पुरतात. गायकाचा आवाज मागे पडलेला वाटला म्हणून लगेच बँड सोडू नका, तो मिक्सचा दोष असतो. आधी त्यांचा लाइव्ह व्हिडिओ बघा. लाइव्हमध्येही ताल ढिला वाटला तर मग खुशाल पुढे जा.

[दृश्य : छोट्या गिगची जागा, साउंड चेक]

गिगला वेळेवर पोचा. तुम्हाला हवा असलेला अनोळखी बँड सगळ्यात आधी वाजवतो, आणि लोक येतात मुख्य बँडच्या वेळेला. स्पीकरपुढे उभं राहू नका. साउंड कन्सोलजवळ उभे राहा. मिक्स करणारा तिथूनच ऐकून मिक्स करतो. आवाज १०० डेसिबलला पोचला की सुरक्षित वेळ फक्त १५ मिनिटं, तेव्हा इअरप्लग खिशात हवेत. चर्चगेटहून शेवटची लोकल रात्री एकच्या सुमारास सुटते. मध्य आणि हार्बरचं वेळापत्रक वेगळं आहे, ते निघण्यापूर्वी बघून ठेवा.

वाजवून झालं की ड्रमरला लगेच गाठू नका. किट तिथलंच असतं, पण स्नेअर, सिंबल आणि पेडल त्याचे स्वतःचे, आणि पुढचा बँड चढायच्या आत त्याला ते उतरवायचे असतात. तो बाहेर येऊन पाणी पिईपर्यंत थांबा. मग दोन गोष्टी विचारा : या महिन्यात आणखी कुणासोबत वाजवताय, आणि तुमच्या जॅमरूममध्ये तुमच्या आधीच्या तासाला कोण असतं? नावं मिळाली की स्पेलिंग तिथल्या तिथे लिहून घ्या. एखादं अक्षर चुकलं तर घरी गेल्यावर तो बँड सापडणार नाही.