पाचशेची रेघ

बेळगावातील एका नर्सिंग कॉलेजच्या प्रयोगशाळेत टेबलावरच्या चादरीवर लाल रंगाचे पाणी सांडले आहे आणि ते किती आहे, हे एम.एस्सी.च्या विद्यार्थिनींना नुसत्या नजरेने सांगायचे आहे. कोणी दोनशे मिलिलिटर लिहिते, कोणी तीनशे. मग मॅडम तेवढेच पाणी एका पारदर्शक पिशवीत ओततात आणि ते पाचशेच्या रेघेला टेकते. बाळंतिणीचा रक्तस्राव धोक्याचा मानण्याची रूढ रेघ हीच. बाळंतिणीखाली अंथरायची ही मापाची पिशवी आणि नजरेचा अंदाज यांची तुलना याच जिल्ह्यात झाली, तेव्हा अंदाज सुमारे ३३ टक्क्यांनी कमी भरला होता.

पुराव्यावर आधारित परिचर्या, म्हणजे अभ्यासात तपासलेल्या उपायांवर उभी रुग्णसेवा, शिकवताना मॅडम परदेशी उदाहरणाने सुरुवात करत नाहीत, हे आम्हांला विशेष वाटले. प्रश्न कसा मांडायचा, त्यासाठी फळ्यावर चार शब्द आहेत : रुग्ण, उपाय, तुलना, परिणाम. रक्तस्राव रोखणाऱ्या ऑक्सिटोसिनला शीतपेटी लागते, सुई लागते. खेड्यातल्या प्रसूतीत या दोन्ही गोष्टी हाताशी नसतील, तर मिसोप्रोस्टॉलची गोळी उपयोगी पडेल का? २००२ ते २००५ या काळात बेळगावच्या ग्रामीण भागात १६२० स्त्रियांवर हा प्रश्न तपासला गेला. निम्म्या जणींना ६०० मायक्रोग्रॅम औषध मिळाले, निम्म्यांना तशीच दिसणारी औषधाविना गोळी. कोणाला काय मिळाले, हे देणारीलाही ठाऊक नव्हते. पाचशेच्या रेघेपर्यंत रक्तस्राव गेलेल्या स्त्रिया औषधाविना गटात १२ टक्के होत्या, औषधाच्या गटात ६.४ टक्के. प्रसूती करणाऱ्या आणि रक्त मोजणाऱ्या होत्या ए.एन.एम. (सहायक परिचारिका-प्रसविका) सिस्टर. हे वर्गात मुद्दाम सांगावे लागते, कारण संशोधन डॉक्टरांनी करावे आणि सिस्टरने ते फक्त पाळावे, ही समजूत वॉर्डात अजून घट्ट आहे.

२००६ मध्ये हा अभ्यास 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला आणि २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत या वापरासाठी ही गोळी आली.

आता प्रश्न विद्यार्थिनींनी शोधायचा आहे. खानापूर तालुक्यातल्या एका घरी आलेल्या विद्यार्थिनीने नवजात बाळाची नाळ कोरडी ठेवण्याविषयीचा लेख इंग्रजीत वाचला आहे, तिची नोंदवही कन्नडमध्ये आहे आणि बाळाच्या आजीशी ती मराठीत बोलते. "आजी, नाळेला काही लावता का हो?" आजी आत जाते आणि हळद-तेलाची वाटी घेऊन येते. विद्यार्थिनी वाटी हातात घेते, वास घेते आणि आधी लिहून घेते.