अस्वलाला आपली चाहूल लागू द्या

(नागपुरात झालेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

मंडळी, तो तेलाचा डबा मी आज दाखवायला आणणार होतो, पण घरच्यांनी तो केव्हाच भंगारात घातला. तेव्हा नुसतं ऐका. चिखलदऱ्याला एका भाड्याच्या बंगलीत आम्ही उतरलो होतो. संध्याकाळी सांभारवड्या तळल्या, उरलेलं तेल पत्र्याच्या डब्यात ओतलं आणि डबा मागच्या पडवीत ठेवून दिला. रात्री दोनच्या सुमाराला लोहाराचा भाता चालावा तसा आवाज. मला वाटलं, आमच्यातलंच कोणी घोरतंय. सकाळी पाहतो तर डबा आडवा, पत्र्याला चार भोकं आणि फरशी चाटून लख्ख! रखवालदार म्हणाला, ‘‘साहेब, अस्वलाले तेल लय आवडते. देवळातला दिवाबी सोडत नाही थे.’’

आपण विदर्भातली माणसं जंगल म्हटलं की वाघाचंच बोलतो. पण पहाटे मोहफुलं वेचायला जाणाऱ्या बायांना विचारा, अस्वलाचं नाव आधी येईल. याचं कारण त्याच्या अंगच्या ठेवणीत आहे. नाक तिखट, पण नजर अधू आणि कानही बेताचेच. वरच्या जबड्यातले पुढचे दोन दात त्याला नसतात. त्या फटीतून ते वारुळातली वाळवी ओढतं. माती नाकात जाऊ नये म्हणून नाकपुड्या मिटून घेतं. हे ओढणं शंभर मीटरवरूनही ऐकू येतं, मग त्या गोंगाटात तुमची पावलं त्याला कुठून ऐकू येणार? तुम्ही दहा पावलांवर पोचता तेव्हा दचकतं. वाघ-बिबट्यांच्या शेजारात वाढलेलं जनावर ते, पळण्यापेक्षा अंगावर येणं त्याला सोपं वाटतं. त्यात पाठीवर पिल्लं असली तर बघायलाच नको. आणि नखं लागतात ती बहुधा तोंडाला, डोक्याला.

म्हणून माझं म्हणणं एवढंच, की त्याला आपली चाहूल लागू द्या. काठी आपटत चला, मोठ्यानं गप्पा मारा, कानातली ती बोंडं काढून खिशात ठेवा. इतर वेळी जंगलात गप्प बसा म्हणणारा मीच, पण पायी फिरताना हे वेगळं. ताजं उकरलेलं वारूळ दिसलं, किंवा लहान मुलाच्या पावलासारखा ठसा आणि बोटांच्या बऱ्याच पुढे नखांच्या खुणा दिसल्या, तर मागे फिरा. बंगलीच्या आवारात मोह, उंबर, जांभूळ असेल तर फळं-फुलं गळायच्या दिवसांत अंधारात त्याखाली जाऊ नका. मोह मार्च-एप्रिलात गळतो, म्हणजे नेमक्या आपल्या सुट्ट्या सुरू व्हायच्या वेळी. आंब्याच्या साली, खरकटं, तेल, गूळ रात्री बाहेर ठेवू नका. कचरा पिशवीत बांधून नागपूरला परत आणा, डिकीत जागा असते.

व्हॉट्सॲपवर अमेरिकेतल्या डोंगरातल्या केबिनचे व्हिडिओ फिरतात. काळ्या अस्वलानं हल्ला केला तर उलट मारा, वगैरे. ती अस्वलं वेगळी. ती थंडीत गुहेत झोपतात, आपलं झोपत नाही, डिसेंबरातही भेटेल. झाडावर चढून सुटाल म्हणता? ते मधासाठी रोज चढतं. दिसलं की थांबा, पळू नका, तोंड त्याच्याकडे ठेवून हळूहळू मागे सरका, त्याची वाट मोकळी करा. अंगावर आलंच तर शाळेतली ती दोन मित्रांची गोष्ट आठवा. मेल्याचं सोंग घेतलं हे त्यानं ठीक केलं, पण पुस्तकातल्या चित्रात तो उताणा असायचा. उताणं नाही, पालथं पडायचं! तोंड मातीत, बोटं मानेमागे गुंफलेली, पाठीवरची सॅक पाठीवरच. जखम झाली तर साबण-पाण्यानं पंधरा मिनिटं धुवा आणि तडक दवाखाना गाठा, रेबीजची लस लागते. वनखात्याचा नंबर 1926 आहे.

आता मघाशी मागून कोणीतरी विचारलं, कुत्रा नेला तर? न्या, पण साखळी सोडू नका. मोकळा कुत्रा अस्वलावर भुंकत जातो, ते उलटलं की शेपूट घालून पळत सुटतो. आणि पळून येतो कुठे? तुमच्याच पायांत.