एरर आली, कळली नाही

३१ जानेवारी २०१७ची रात्र. कोड साठवायची सेवा देणाऱ्या गिटलॅब कंपनीचा एक इंजिनिअर अडकलेलं डेटाबेस रेप्लिकेशन (मुख्य सर्व्हरवरच्या डेटाची दुय्यम सर्व्हरवर सतत होणारी नक्कल) सुरू करायच्या खटपटीत आहे. दुय्यम सर्व्हरवरची डेटा डिरेक्टरी रिकामी करायला तो कमांड देतो. एक-दोन सेकंदांत ध्यानात येतं, की आपण मुख्य सर्व्हरवर आहोत. कमांड थांबवेपर्यंत सुमारे ३०० जीबीपैकी साडेचार जीबी उरलेत.

बॅकअप शोधला, तर ती जागाच रिकामी. डेटाबेस पोस्टग्रेस या सॉफ्टवेअरच्या ९.६ व्हर्जनवर, तर बॅकअप काढणारं त्याचं साधन पीजी-डंप चालत होतं जुन्या ९.२ व्हर्जनचं. व्हर्जन जुळत नसल्याने ते दर वेळी एरर देऊन बंद पडायचं. त्याची खबर देणारे ईमेलही वाटेतच नाकारले जात होते. तक्रार नाही म्हणजे सगळं सुरळीत, असा समज! तारलं ते सहा तास आधी दुसऱ्याच कामासाठी हाताने घेतलेल्या स्नॅपशॉटने, म्हणजे त्या क्षणीच्या डेटाच्या प्रतीने.

कंपनीने रिकव्हरी यूट्यूबवर थेट दाखवली. पुढे अहवालात 'का?' विचारत ते मुळाशी गेले: बॅकअप खरंच परत उतरवता येतो का, हे तपासणं कोणाच्याच अंगावर नव्हतं.

रोजच्या बगलाही (कोडमधल्या चुकीलाही) असाच 'का?' विचारता येतो. आधी तो हमखास पुन्हा घडवायचा: तोच इनपुट, तीच व्हर्जन. त्याआधी कोड बदललात, तर बग गेला की नुसता लपला, हे कळायचं नाही. मग टेस्ट, म्हणजे तो बग पकडणारा छोटा कोड, लिहा आणि ती फेल होताना डोळ्यांनी बघा. दुरुस्तीआधीच पास होणारी टेस्ट भलतंच काहीतरी तपासत असते.

काल चालणारं आज मोडलं, तर गिट बायसेक्ट: कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या गिटची, दोषी बदल शोधणारी कमांड. एक चांगली आणि एक बिघडलेली कमिट (नोंदवलेला बदल) सांगितली, की गिट दर वेळी मधली कमिट तपासायला पुढे करतं आणि उरलेल्या निम्म्या होतात. हजार कमिटमधली दोषी कमिट साधारण दहा तपासण्यांत सापडते. मात्र एकाच कमिटमध्ये चाळीस फाइल कोंबल्या असतील, तर सापडूनही उपयोग बेताचाच.

नवी लायब्ररी (इतरांनी लिहिलेला तयार कोड) शिकताना ती मुद्दाम मोडून बघा. नेटवर्क तोडा, टाइमआउट, म्हणजे उत्तराची वाट बघायची मुदत, एक मिलिसेकंद करा. ट्युटोरियलमध्ये हे सहसा नसतं. मग स्टॅक ट्रेस, म्हणजे एरर कुठून कुठे आली ते दाखवणारी यादी, सावकाश वाचा. पायथनमध्ये मूळ तक्रार बहुधा शेवटच्या ओळीत असते, जावामध्ये शेवटच्या 'कॉज्ड बाय'पाशी.