कोंबडीचा नियम सुनेला

(दृश्य: पुण्याबाहेरची हॅचरी. पिवळ्या पिल्लांचे ट्रे. नुसती चिवचिव.)

पहाटेचे साडेपाच. रात्री अंड्यातून बाहेर आलेली पिल्लं दुपारच्या गाडीने निघायची आहेत. त्याआधी नर वेगळे, माद्या वेगळ्या. टेबलाशी बसलेल्या मावशी पिल्लू उचलतात, त्याचा पंख अंगठ्याने पत्त्यांसारखा उलगडतात, बघतात आणि डावीकडच्या नाहीतर उजवीकडच्या खोक्यात सोडतात. आपल्याला काही दिसायच्या आत पुढचं पिल्लू हातात.

(दृश्य: पंख, अगदी जवळून.)

पंखाच्या कडेला पिसांच्या दोन ओळी आहेत. वरची आखूड आणि खालची लांब असेल तर मादी. दोन्ही सारख्या असतील तर नर. ही खूण कुठल्याही कोंबडीत चालत नाही. त्यासाठी लवकर पिसं फुटणारा कोंबडा आणि उशिरा पिसं फुटणारी कोंबडी अशी जोडी जमवावी लागते. पिसांचं हे जनुक झेड नावाच्या गुणसूत्रावर असतं. कोंबड्याकडे दोन झेड, कोंबडीकडे एक झेड आणि एक डब्ल्यू. मादी पिल्लाला तिचा एकुलता झेड बापाकडून मिळतो, म्हणून तिची पिसंही त्याच्यासारखी घाईची. नराला आईचाही झेड मिळतो, आणि त्यासोबत तिचा उशीर.

म्हणजे पिल्लू नर की मादी, हे आईच्या अंड्यातच ठरलेलं. कोंबडा कुठलाही आणा, तो झेडच देणार.

माणसात नेमकं उलट. बाईकडे दोन एक्स गुणसूत्रं, पुरुषाकडे एक एक्स आणि एक वाय. बाई दरवेळी एक्सच देते. एक्स की वाय, हा फरक पुरुषाच्या शुक्राणूत. १९०५ साली अमेरिकेत नेटी स्टीव्हन्स या संशोधक बाईंनी पिठातल्या किड्यांच्या पेशींत गुणसूत्रं मोजली. मादीत २० मोठी, नरात १९ मोठी आणि १ बारकं. ते बारकं म्हणजे वाय. पिठातल्या किड्याने सांगितलेली ही गोष्ट शंभर वर्षांत आपल्या स्वयंपाकघरापर्यंत पोचायला हरकत नव्हती. माझ्या आत्याने तिसऱ्या मुलीनंतर सासरी जे ऐकून घेतलं, ते शास्त्राला धरूनच होतं, फक्त ती कोंबडी असायला हवी होती.

(दृश्य: सोनोग्राफी केंद्राच्या भिंतीवरची 'येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही' ही पाटी. आवाज नाही.)

वाय आला की काम झालं, असंही नाही. सहाव्या आठवड्यापर्यंत मुलगा काय, मुलगी काय, आराखडा एकच. मग वायवरचं एसआरवाय नावाचं जनुक थोडा वेळ जागं होतं आणि भ्रूणाच्या जननग्रंथींना वृषणाच्या वाटेला लावतं. ते सापडलं १९९० मध्ये. पुढच्याच वर्षी शास्त्रज्ञांनी ते एक्स-एक्स उंदराच्या भ्रूणात घातलं आणि नर जन्मला. कधी हे जनुक वायवरून निसटून एक्सवर जातं आणि दोन एक्स असलेला पुरुष होतो. कधी वायवर असून बिघडलेलं असतं. मग मुलगी मुलीसारखीच वाढते, आणि पाळी का येत नाही म्हणून तपासण्या झाल्या की वायचा पत्ता लागतो.

(दृश्य: सातेरी मधमाश्यांची पेटी. झाकण उघडतं.)

पुण्यात गणेशखिंड रस्त्यावर १९६२ पासून मधमाशी संशोधनाची केंद्रीय संस्था आहे. मधमाशीला एक्स-वाय लागत नाही, झेडही नाही. राणी सुरुवातीच्या दिवसांत उडून अनेक नरांशी मीलन करते, शुक्राणू पोटातल्या पिशवीत साठवते आणि पुढे जन्मभर त्या साठ्यातून काटकसरीने खर्च करते. अंडं फळलं तर मादी, तसंच कोरडं ठेवलं तर नर. मादीत ३२ गुणसूत्रं, नरात १६. नराला बाप नसतो. आजोबा असतात, आईकडचे.

फ्रेम उजेडात धरा. साध्या घरांच्या रांगांत काही मोठी घरं दिसतील, टोकदार झाकणांची, टोकाला सुईने टोचल्यासारखं भोक. ती नरांची. राणी आधी घर चाचपते आणि मग त्या मापाचं अंडं घालते. मला तरी यापेक्षा सरळ कारभार ठाऊक नाही.

(दृश्य: वेळासचा किनारा.)

फेब्रुवारी-मार्चमध्ये पुण्याहून गाड्या भरभरून लोक वेळासला कासवांची पिल्लं बघायला जातात. ऑलिव्ह रिडले कासवात हा निर्णय आईबापांच्या हातातच नाही. वाळू २९-३० अंशांच्या बरीच वर तापली की माद्या, थंड राहिली की नर. उन्हाळे असेच चढत गेले तर नर कमी पडतील, ही धास्ती उगाच नाही.

आणि भीमाशंकरच्या रानातलं भेकर? मादीत ६ गुणसूत्रं, नरात ७. एक्स दुसऱ्या एका गुणसूत्राला चिकटून बसलाय. नराकडे त्या दुसऱ्याचा जोडीदार सुटा राहिला, म्हणून एक जास्त.

(दृश्य: पुन्हा हॅचरी. ऊन आलंय.)

डावीकडची खोकी गाडीत चढतात. उजवीकडची तिथेच. ही अंड्यांची जात. नर अंडी देत नाही आणि अंगानेही भरत नाही, त्याला गिऱ्हाईक नाही. मावशी हात पुसत उठतात.

"इथं पोरीलाच भाव, ताई. पोरगा झाला की तोंड वाकडं करतात."