पॅनकेक आणि आपला तयार हात

नमस्कार मंडळी. रविवारी सकाळी ‘आज पॅनकेक कर ना’ ही फर्माईश आता बऱ्याच घरांत होते, आणि मागोमाग तक्रारही ठरलेली: चपटे झाले, चिवट झाले, मुलं एक खाऊन उठली. कृती हवी तेवढी मिळते, मापंही बरोबर असतात. मग बिघडतं कुठे? माझं मत विचाराल तर हातात. घावन, आंबोळ्या, धिरडी घालून आपला हात तयार झालेला असतो आणि नेमका तोच इथे नडतो.

आंबोळीला जाळी पडते ती रात्रभराच्या आंबण्याने. अमेरिकी पद्धतीच्या पॅनकेकला तेवढी सवड नसते. तिथे वायू तयार करतात सोडा आणि बेकिंग पावडर. बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्ड यांनी १८४३ मध्ये बेकिंग पावडर केली, कारण त्यांच्या पत्नीला यीस्ट सोसत नसे. बाईंना अंडंही चालत नव्हतं, म्हणून त्याआधी त्यांनी बिनअंड्याची कस्टर्ड पावडर शोधली होती. आपल्या फ्रूट कस्टर्डचं मूळ तिथलं! पुढे अमेरिकेत हार्वर्डचे एबेन हॉर्सफर्ड यांनी १८५६ मध्ये सोड्याबरोबर वापरायच्या फॉस्फेट आम्लाचं पेटंट घेतलं. इतिहास एवढा पुरे, पिठाकडे वळू.

एक कप मैदा, चमचाभर साखर, एक छोटा चमचा बेकिंग पावडर, पाव छोटा चमचा सोडा, चिमूटभर मीठ. दुसऱ्या भांड्यात अर्धा कप आंबट दही, पाव कप दूध, एक अंडं आणि दोन चमचे पातळ केलेलं लोणी. तिकडच्या कृतींत ‘बटरमिल्क’ लिहिलेलं असतं म्हणून आपलं ताक ओतू नका. तिकडचं ते दाट असतं, आपलं पाण्यासारखं. दहीच घ्या. आणि सोडा वाढवायचा मोह आवरा. अर्ध्या कप दह्याचा आंबटपणा पाव चमचा सोड्यात मारला जातो. त्यावर सोडा पडला की तो तसाच उरतो आणि साबणासारखी चव येते.

आता हाताची पहिली खोड. पिठात गुठळी दिसली की आपल्याला चैन पडत नाही. लहानपणापासून ‘गुठळी राहता कामा नये’ हेच ऐकलेलं! पण मैदा ओला झाल्यावर जितका घोटाल तितकं त्यातलं ग्लुटेन ताणलं जातं, आणि पॅनकेक रबरासारखा होतो. कोरडं पीठ दिसेनासं झालं की डाव बाजूला ठेवा. वाटाण्याएवढ्या गुठळ्या राहू देत, तव्यावर त्या विरतात. पाच-दहा मिनिटं झाकून ठेवलंत तर उत्तम, पण रात्रीच भिजवून ठेवू नका. सकाळपर्यंत वायू निघून गेलेला असतो.

दुसरी खोड पसरण्याची. डावभर पीठ तव्यावर पडलं की मनगट आपोआप गोल फिरतं. इथे फिरवायचं नाही. पीठ हवं तितकं दाट असलं की डावातून धार न लागता गोळ्या-गोळ्याने पडतं आणि आपलं आपण थोडं पसरून थांबतं. तवा बिडाचा असो वा नॉनस्टिक, आच मध्यमच हवी, कारण पिठात साखर आहे. डोशाच्या तव्यावर फिरवतो तो अर्धा कांदा मात्र आज नको, गोडाला त्याचा वास लागतो. लोण्यापेक्षा तूप बरं. लोण्यातला दुधाचा अंश करपून काळे ठिपके पडतात.

उलटायचं कधी? बुडबुडे नुसते दिसले की नाही. ते फुटून भोकं तशीच उघडी राहिली, पुन्हा भरून आली नाहीत, आणि कडेची चकाकी गेली, की उलटा. एकदाच. आणि उलटल्यावर उलथन्याने दाबायचं नाही! भाकरीपासून थालीपिठापर्यंत दाबत आलोय आपण. इथे दाबलं की कमावलेला सगळा वायू फुस्स.

शेवटचा प्रश्न घरातल्या शांततेचा. एक जण तव्यापाशी उभा आणि बाकीचे जेवतायत, याला निवांत न्याहारी कोण म्हणेल? मोठ्या तव्यावर तीन-तीन घाला. झालेले ताटात एकावर एक रचले तर वाफेने खालचे ओले होतात. पापड भाजायच्या जाळीवर सुटे ठेवा, म्हणजे सगळ्यांना एकदम बसता येतं.

दोन चिठ्ठ्या आल्यात. कणकेचे होतात का? होतात, पण कणीक पाणी जास्त पिते, दूध वाढवावं लागेल, आणि तेवढे फुगणार नाहीत. मी निम्मी कणीक, निम्मा मैदा घेतो. दुसरी चिठ्ठी मेपल सिरपची. मेपलच्या झाडाचा साधारण चाळीस लिटर रस आटवला की एक लिटर सिरप होतं, तेव्हा महाग असणारच. काकवी घ्या की! कोल्हापूरकडची चांगली मिळते. फक्त जरा कोमट करा, थंडीत ती घट्ट होऊन एकाच जागी बसते.